साखरपुडाच ठरला होता

साखरपुड्याला कोणी प्रेशर कुकर आणतं का? दिवा गावात राहणारी माझी आत्या हॉलच्या दारातून आली ती चकचकीत कागदात बांधलेला एवढा थोरला खोका पोटाशी धरून. तिच्या मागोमाग शेजारच्या काकू, त्यांच्या हातात डिनर सेट. मी मम्मीच्या कानाशी लागले, "अगं, हा आहेर कसला? लग्न आहे का आज?" मम्मी माझ्या पदराची पिन नीट करत होती. वर न बघता म्हणाली, "आणू दे गं, लोकांना हौस असते. हलू नकोस, पिन टोचेल."

सकाळी मी निळी साडी काढून ठेवलेली. मम्मीने पांढरी पुढे केली, म्हणाली निळीवर डाग पडलाय. आमच्या बौद्धांच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, हे काय मला माहीत नव्हतं? पण साखरपुड्यालाही कोणी कोणी पांढरी नेसतात, म्हटलं ठीक आहे, पांढरी तर पांढरी. कुकर बघितल्यावर मात्र मनात शंकेची पाल चुकचुकली. तेवढ्यात तो दिसला. पांढरा कुर्ता, घामाने लाल झालेला चेहरा, आणि समोर येईल त्याला हात जोडून 'जय भीम' म्हणत सुटलेला. मला हसू आलं आणि पालबिल सगळं विसरले.

तो अमेरिकेचा. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कामाला आहे. रक्त तपासायच्या लॅबमधली मशिनं बसवायची आणि बिघडली की जाऊन दुरुस्त करायची, हे माझं काम. तो एका नव्या मशिनचं ट्रेनिंग द्यायला आलेला. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, आमच्याकडे दुपारी लाइट जाते, तुझ्या मशिनला हे कोणी सांगितलंय का? बाकीचे टेक्निशियन घाबरले. तो आधी गोंधळला, मग मोठ्याने हसला आणि म्हणाला, नाही, तूच सांग त्याला. पुढे वर्षभर फोनवर आमचं मशिनवरूनच सुरू व्हायचं आणि कुठल्या कुठे जायचं.

आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा नवी मुंबईतल्या हॉटेलातून टॅक्सीने निघालेला. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये असा अडकला की मम्मीने केलेलं मटण दोनदा गरम करावं लागलं. मोहन्याला आमच्या दारात उतरला तेव्हा पप्पा म्हणाले, "शीळफाटा पार करून आला म्हणजे पोरगा टिकणारा आहे." पप्पांना तो आवडला होता. हे मुद्दाम सांगते. त्यांना तो आवडला नसता तर पुढचं सगळं मला निदान समजलं तरी असतं.

आता खरी गोष्ट. त्याला आई सोडून कोणी नव्हतं. तिच्या फुप्फुसांचा आजार बळावलेला, नाकाला कायम ऑक्सिजनची नळी. विमानात बसायची सोय नाही. व्हिडिओ कॉलवर ती मला पुढच्या खोलीतली मोठी खिडकी दाखवायची, म्हणायची, तुम्ही दोघं इथे उभे राहा, मी या खुर्चीत बसेन, शेजारचे चार जण येतील, झालं लग्न. मला डोळ्यांनी बघू दे, मग मी मोकळी. मी तिला 'जेवलीस का?' शिकवलं होतं. रोज फोन उचलला की पहिलं तेच विचारायची, तिच्या त्या दमलेल्या आवाजात. आमच्याकडे मरणाऱ्या माणसाची इच्छा म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. निदान मला तसं वाटायचं.

आमच्यापुढे रस्ते दोन होते. एक, इथे ठाण्यात रजिस्टर लग्न करायचं, मग नवऱ्याने तिकडून बायकोसाठी अर्ज करायचा आणि बायकोने इकडे बसून वाट बघायची. दुसरा रस्ता वाग्दत्त वधूचा. म्हणजे लग्न इथे करायचंच नाही. मुलीने लग्न ठरलेली म्हणून व्हिसा घ्यायचा, तिकडे जायचं आणि पोचल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तिथे लग्न करायचं. आम्ही दुसरा रस्ता घेतला, कारण खिडकी तिकडे होती आणि खुर्ची तिकडे होती. अट एकच, पण लोखंडी: इथून निघताना मुलगी बिनलग्नाची पाहिजे.

पप्पांना मी हे स्वयंपाकघरात बसून समजावलं. चहाचे दोन कप थंड झाले. पप्पा म्हणजे साधा माणूस नाही. मोहन्याच्या कंपनीत होते तेव्हा गेटसमोरच्या सभांना तेच बोलायचे. कंपनी बंद झाली, पण माइक सुटला नाही. आमच्या वस्तीत कोणाचंही लग्न असो, सूत्रसंचालन पप्पांचं. स्वतःचा कॉर्डलेस माइक आहे त्यांच्याकडे, मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवलेला. माझ्या शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींची लग्नं त्यांनी 'लावली'. तर अशा माणसाला मी म्हटलं, "पप्पा, इथे फक्त साखरपुडा. अंगठी, वंदना, जेवण. हार नाही, प्रतिज्ञा नाही. आपल्यात फेरे नाहीत, होम नाही, भटजी नाही. आपल्यात हार आणि प्रतिज्ञा झाली की लग्न झालं. मग माझा रस्ता बंद."

पप्पांनी मान हलवली. "म्हणजे शीळफाट्यासारखं झालं," ते म्हणाले. "एकदा एका बाजूला वळलं की झालं. यू-टर्नला पार लांब जावं लागतं."

"अगदी बरोबर," मी म्हटलं. केवढा अभिमान वाटला मला! मैत्रिणींचे वडील एक शब्द ऐकून घेत नाहीत आणि माझ्या बापाला इमिग्रेशनचे नियम एका वाक्यात कळतात.

त्याने तिकडे अर्ज भरला. फाइल पुढे सरकायला लागली. मधल्या काळात तो साखरपुड्यासाठी आला, जेमतेम रजा काढून, आईपाशी शेजारणीला ठेवून.

अंगठ्या झाल्या. टाळ्या झाल्या. मी स्टेजवरून उतरायला वळले आणि पप्पांचा आवाज आला, तो सभेतला, पोटातून येणारा. "सर्वांनी कृपया जागेवर उभं राहावं."

सगळा हॉल उभा राहिला. खुर्च्यांचा खडखडाट. वंदनेसाठी म्हणून बोलावलेले बौद्धाचार्य पुढे आले, बुद्धमूर्तीसमोरच्या मेणबत्त्या आम्हाला पेटवायला लावल्या. त्रिसरण झालं, पंचशील झालं. इथपर्यंत ठरलेलंच होतं. मग ते त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "माझ्या मागून म्हणा. मी माझ्या पत्नीचा..." आणि तो बिचारा, त्याला काय कळतंय, एकेक शब्द चावून चावून म्हणायला लागला. 'पत्नीचा'ला त्याची जीभ अडखळली तर पुढच्या रांगेतल्या बायका कौतुकाने हसल्या.

मी पप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मी हळूच म्हटलं, "पप्पा, हे काय चाललंय?" त्यांनी माइकवर हात ठेवला. "होऊ दे. नंतर बोलू."

माझी पाळी आली. बौद्धाचार्य म्हणाले, म्हणा माझ्या मागून. मी तोंड मिटून उभी राहिले. शपथेवर सांगते, एक अक्षर उच्चारलं नाही. ते परत म्हणाले. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. आणि पप्पांनी, माझ्या सख्ख्या बापाने, माइक तोंडाजवळ नेला आणि हसत म्हणाले, "वधूला भरून आलेलं आहे. साहजिक आहे. आपण पुढे जाऊ या."

लोक हसले. कोणीतरी डोळे पुसले. आत्याने माझ्या हातात हार दिला, जाड, पांढऱ्या फुलांचा, आधी ऑर्डर दिल्याशिवाय मिळत नाही तसला. "वधू-वरांना विनंती, त्यांनी एकमेकांस पुष्पहार अर्पण करावेत." त्याने माझ्या गळ्यात घातलासुद्धा. मग मान खाली केली. एवढा उंच माणूस एवढ्या लोकांसमोर वाकून उभा, चेहऱ्यावर विश्वास, नुसता विश्वास. मी हार घातला नाही तर तो तसाच वाकून राहणार होता. मी घातला. सगळा हॉल म्हणाला, साधू, साधू, साधू! वरून पाकळ्या आल्या. पाकळ्यासुद्धा आधीच वाटून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकाच्या मुठीत.

म्हणजे मम्मीला माहीत होतं. आत्याला माहीत होतं. डिनर सेटवाल्या काकूंना माहीत होतं, हारवाल्याला माहीत होतं. त्या हॉलमध्ये माहीत नव्हतं ते फक्त नवरीला आणि नवऱ्याला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, दुसरं काही नाही.

संध्याकाळी मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पण किती सुंदर झालं सगळं. मला रडूच फुटलं. म्हटलं, अरे बाबा, सुंदर झालं तेच तर वाईट झालं! कागदावर लग्न नाही म्हणून कदाचित निभावेल, असं त्याचं म्हणणं. इथेच रजिस्टर करून रस्ता बदलावा तर नोटीस लावून महिनाभर थांबावं लागतं, आणि त्याची रजा संपलेली, आई एकटी. तो गेला. जाताना पप्पांच्या पाया पडला. पप्पांनी त्याला छातीशी धरलं. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती.

पप्पांशी मी तेव्हा भांडले नाही. आपलेच दात आपलेच ओठ, आणि फाइल अजून जिवंत होती. वाटायचं, होईल काम, मग बोलू काय ते. आणि आतून अजूनही एक वेडी आशा होती की पप्पा स्टेजवर वाहवत गेले असतील. माइक हातात आला की त्यांना भान राहत नाही. मुद्दाम नाही केलं, माझे पप्पा मुद्दाम करणार नाहीत.

व्हिसाच्या मुलाखतीला अमेरिकन वकिलातीत मी एकटीच गेलेले. काचेपलीकडची बाई माझ्याच वयाची असेल, आवाज अगदी सौम्य. खरं सांगेन अशी शपथ घ्यायला लावली. कुठे भेटलात, काय आवडतं, त्याची आई कशी आहे, सगळं विचारलं. मी भराभर सांगितलं. मग तिने साखरपुड्याचं विचारलं. काय काय झालं त्या दिवशी?

मी अंगठीपाशी थांबू शकले असते. फोटोसुद्धा मी अंगठीचेच नेलेले. पण तिने पुढे विचारलं, तुमच्या समाजाच्या रीतीने बघितलं तर आज तुम्ही विवाहित आहात का? माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली आली. तो गेल्यापासून काकू मला रोज विचारायच्या, जावयाचा फोन आला का? आत्याचा कुकर मम्मीने वापरायलाही काढला होता. पंचशीलातलं चौथं शील, खोटं बोलणार नाही. लहानपणी बुद्धविहारात पप्पांनीच माझा हात धरून घोटून घेतलेलं. त्या दिवशी स्टेजवर परत म्हणवून घेतलेलं, माइकवर.

मी म्हटलं, "हो. आमच्या लोकांच्या दृष्टीने झालंय."

तिने लगेच काही लिहिलं नाही. मला म्हणाली, वाईट वाटतं, पण लग्न ठरलेल्यांचा हा मार्ग तुमच्यासाठी नाही. विवाहितांच्या मार्गाने या. आणि त्या मार्गाला लागतो सरकारी लग्नाचा दाखला, तो माझ्याकडे नाही. तो ख्रिश्चन, तोही परदेशी, बौद्धाचार्यांनी लावलेलं लग्न आहे तसं नोंदवता येत नाही. म्हणजे वकिलातीच्या काचेपुढे मी लग्न झालेली आणि ठाण्याच्या कचेरीत कुमारी. ना घर का ना घाट का.

घरी आले तेव्हा पप्पा खुर्चीत बसून माइकमधले सेल बदलत होते. रविवारी कुणाचं तरी लग्न होतं.

"काय झालं?"

"नाही म्हणाले. विचारलं लग्न झालंय का, मी हो म्हटलं."

"कशाला सांगितलंस?" पप्पा म्हणाले. असं सहज, जणू मी भाजीवाल्याला जास्तीचे पैसे दिले. "कोण बघायला आलं होतं?"

मी म्हटलं, "पप्पा, चौथं शील काय आहे?"

त्यांनी जुने सेल बाजूला ठेवले.

"सांगा ना. तुम्हीच शिकवलंय. माइकवर सांगता का? आणू स्पीकर?"

मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, बापाशी बोलतेस." मी म्हटलं, "तू मध्ये बोलूच नकोस, निळ्या साडीवर डाग कुठे होता ते आधी दाखव मला." ती बाहेर आलीच नाही.

पप्पांनी सेल टाकले, झाकण लावलं. मग खाली बघत म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच. तो रस्ता बंद होणार. दुसरा आहे, असं तूच म्हणालेलीस. थोडा उशीर, एवढंच ना?"

"एवढंच? त्याची आई नळी लावून बसलीय पप्पा. तिच्याकडे उशीर नाहीये!"

"आणि मी?" आता त्यांचा आवाज चढला. "ती आई, मग मी कोण? या मोहन्यातल्या किती पोरींची लग्नं लावली मी. कोणाच्या बापाला रडू आलं तर खांद्यावर हात ठेवला. आणि माझ्या एकुलत्या पोरीचं लग्न मी मोबाइलमध्ये बघू? इथे बसून? लोक विचारणार, कधी झालं, तर काय सांगू, नेट गेलं होतं? तिला डोळ्यांनी बघायचं होतं, तसं मलापण बघायचं होतं."

"मग मला सांगायचं होतं! तोंड होतं ना तुम्हाला? भांडायचं, रडायचं, हट्ट करायचा. मी काहीतरी केलं असतं."

"तू त्यांचंच ऐकलं असतंस," पप्पा म्हणाले.

ते खरं होतं. पण खरं होतं म्हणून फसवायचं? कुंपणानेच शेत खाल्लं तर शेताने कोणाकडे बघायचं? मी दिव्याला आत्याकडे निघून गेले. तिनेही हार हातात दिलेला, पण ती निदान दारातच रडली. म्हणाली, "मला वाटलं तू खूश होशील गं, दादा म्हणाला पोरीला सरप्राइज आहे." सरप्राइज! तिच्याकडे नळाला पाणी नव्हतं, मी टँकरवर बादल्या भरत भरत रडले.

त्याच्या आईला आम्ही काय सांगणार? त्याने सांगितलं, कागदात अडकलंय. ती रोज विचारायची, जेवलीस का? आणि मग, कधी येतेस? खिडकीला तिने नवे पडदे लावून घेतले होते. एके दिवशी फोन त्याने उचलला आणि 'जेवलीस का' कोणी विचारलं नाही. तो नुसता श्वास घेत होता. मला कळलं. तिच्या अंत्यविधीला मी गेले नाही, जाणार कशी? कोणत्या व्हिसावर? मी तो मोबाइलमध्ये बघितला, इथे बसून. मधेच नेट गेलं.

त्यानंतर तो आला, महिनाभर राहायच्या तयारीने. आता त्याला तिकडे थांबायला कारण उरलं नव्हतं. ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस लागली. मी आत्याकडूनच ये-जा करत होते. तो मात्र मोहन्याला जाऊन पप्पांना भेटून यायचा. मी चिडले की म्हणायचा, मला आता एकच बाप मिळाला आहे, त्याच्याशी पण भांडू का? मी म्हणायचे, तू नको भांडू, मी पुरेशी आहे.

नोंदणीच्या दिवशी ठाण्याच्या कचेरीबाहेर बाकावर बसलो होतो. साक्षीदार तीन लागतात. आत्या होती, माझ्या ऑफिसातली मैत्रीण होती, तिचा नवरा होता. पप्पांना मी बोलावलं नव्हतं. ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, एकटेच. हातात पिशवी, तिच्या तोंडातून हार डोकावत होते, दोन. त्याने उठून त्यांना जागा दिली. मी बघितलं, ते म्हातारे दिसत होते. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून राग गेला नाही, दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

आतून शिपायाने पुकारा केला. नवरा-नवरी आणि साक्षीदार, आत या.

पप्पा सगळ्यांच्या आधी उठले. खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, पिशवी मनगटात अडकवली आणि दाराकडे निघाले.

"पप्पा," मी म्हटलं, "तुम्ही बसा. माझं लग्न तुम्ही बघितलंय."

ते उभे राहिले. मग पेनाला टोपण लावलं आणि बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

दारात त्याने माझा हात धरला आणि विचारलं, काय म्हणालीस त्यांना? मी म्हटलं, बसायला सांगितलं.